जशास तसे, पण रीतसर

प्रश्न : समोरच्या देशाने करार मोडला, तर आपणही त्याच्याशी असलेला करार मोडावा. यात अनैतिक ते काय?

काहीच नाही. कायद्यालाही ते मान्य आहे, फक्त अटी आहेत.

आधी एक फरक ध्यानात घ्या. राजदूत परत बोलावणं, त्यांच्या अधिकाऱ्यांना देश सोडायला सांगणं ही नाराजी दाखवायची हक्काची साधनं. त्यांना समोरच्याचा गुन्हा सिद्ध असावा लागत नाही. एरवी बेकायदा ठरेल असं पाऊल, म्हणजे हवाई वाहतुकीचा करार स्थगित करणं वगैरे, उचलायचं असेल तेव्हा अटी आड येतात.

त्या अटी घडल्या नौलिला प्रकरणात. ऑक्टोबर 1914 मध्ये पोर्तुगालच्या ताब्यातल्या अंगोलात, नौलिला ठाण्यावर, शेजारच्या जर्मन वसाहतीतून आलेला एक अधिकारी आणि त्याच्यासोबतचे दोघे मारले गेले. दुभाषा कच्चा होता. गैरसमजातून गोळ्या सुटल्या. पोर्तुगाल तेव्हा तटस्थ होता. जर्मन सैन्याने खुलासाही न मागता दक्षिण अंगोलातली ठाणी उद्ध्वस्त केली. 1928 च्या लवादाने तीन गोष्टी तपासल्या : आधी कायदाभंग झाला होता का, भरपाई मागितली होती का, आणि उत्तर प्रमाणात होतं का. जर्मनी तिन्हींत नापास झाला.

सर्वांत जास्त घोळ होतो तो दुसऱ्या अटीत. संतापाच्या भरात मागणीपत्रच राहून जातं, किंवा पत्रकार परिषदेतला इशारा म्हणजेच मागणी असं मानलं जातं. पत्रात कोणतं कलम, कोणतं कृत्य आणि नेमकं काय हवं, हे तिन्ही असावं. मग कोणतं पाऊल उचलणार ते कळवायचं आणि बोलणीची तयारी दाखवायची. उशिराने हक्कच बुडणार असेल, उदाहरणार्थ पैसा देशाबाहेर निसटणार असेल, तर तो आधी गोठवता येतो. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाच्या, देशांच्या जबाबदारीविषयीच्या 2001 च्या मसुद्यात हे सगळं आहे. शिवाय पाऊल शक्यतो मागे घेता येण्याजोगं हवं, कारण हेतू समोरच्याला ताळ्यावर आणण्याचा असतो, शिक्षेचा नव्हे.

प्रश्न : 'प्रमाणात' म्हणजे किती? मोजायचं कसं?

तराजू नाही, अंदाज आहे. मे 1978 मध्ये अमेरिकेच्या पॅन ॲमने लंडनमध्ये मोठं विमान बदलून लहान विमानाने प्रवासी पॅरिसला नेले. असा बदल दोन्ही देशांमधल्या हवाई वाहतुकीच्या करारात बसत नाही, असं फ्रान्सचं म्हणणं. पोलिसांनी विमानाला वेढा घातला, प्रवाशांना उतरू दिलं नाही. अमेरिकेने एअर फ्रान्सच्या पॅरिस–लॉस एंजेलिस मार्गावरच्या आठवड्याच्या तीन फेऱ्या रोखण्याचा आदेश काढला; लवादाचं ठरल्याने तो अमलात आला नाही. लवाद म्हणाला, नुसतं कंपन्यांचं नुकसान तोलू नका, वादातलं तत्त्वही तोला. त्या हिशेबाने अमेरिकेचं पाऊल उघड अवाजवी ठरलं नाही. आम्हाला हा निकष पटतो, पण सैल आहे हेही खरं : तत्त्व प्रत्येकाला आपलंच मोठं वाटतं.

बळाचा वापर, मूलभूत मानवी हक्क आणि राजनैतिक अधिकाऱ्यांची सुरक्षा मात्र प्रमाणाच्या चर्चेतच येत नाहीत. तिथे 'त्यांनी केलं म्हणून' चालत नाही.

प्रश्न : त्यांनी आपल्या कैद्याला वकिलातीची भेट, म्हणजे आपल्या देशाच्या अधिकाऱ्यांची भेट, नाकारली, तर आपणही त्यांच्या कैद्याला नाकारावी का?

आमच्या मते नाही. वकिलातींच्या कामाविषयीच्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36 मधला हा हक्क देशाइतकाच त्या कैद्याचाही आहे, आणि दुसऱ्याच्या चुकीचं देणं त्याच्याकडून वसूल करण्याला काही आधार नाही. कुलभूषण जाधव प्रकरणात भारताने 8 मे 2017 रोजी हेगच्या न्यायालयात धाव घेतली. दहा दिवसांत फाशी रोखणारा आदेश मिळाला. 17 जुलै 2019 रोजी 15 विरुद्ध 1 मतांनी पाकिस्तानने कलम 36 मोडल्याचा निकाल लागला. हेरगिरीचा आरोप आहे म्हणून भेट नाकारता येत नाही, असंही ठरलं. सुटकेची मागणी मात्र फेटाळली गेली. वकिलातीची भेट द्या आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, असा आदेश निघाला, आणि फेरविचार कसा करायचा हे पाकिस्तानवर सोडलं गेलं.