शिकाऊ उतारासाठी सहाशे किलोमीटरचे पैसे कशाला?

नागपूरच्या मनीषनगरमधून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या घरी कथकचे वर्ग घेतात, यजमान मिहानमधल्या एका आयटी कंपनीत आहेत. लेक आठवीत, मुलगा तिसरीत. दोघांचे मिळून महिन्याला १ लाख ५५ हजार हातात येतात, त्यातले ४५ हजार ताईंच्या वर्गाचे. घराचा हप्ता ३८ हजार. गाडीचा ११ हजार, तो अजून १४ महिने आहे. एसआयपी १५ हजारांची आणि घरखर्च, फिया धरून ७० हजार. बचत खात्यात साडेचार लाख, एफडीत साडेतीन लाख. यजमानांना एप्रिलमध्ये दीड लाखाच्या आसपास बोनस मिळतो.

येत्या डिसेंबरात ताईंना चाळीस पूर्ण होतात. त्या निमित्ताने नाताळच्या आठवड्यात चौघांनी फ्रान्समधल्या वाल तोरांसला स्कीइंगला जायचं ठरतंय. एजंटचं कोटेशन साडेअकरा लाखांचं. त्यासाठी बचत खात्यातून तीन लाख काढायचे, एफडी पूर्ण मोडायची आणि उरलेल्या पाच लाखांचं कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घ्यायचं. ताई लिहितात, ‘लहानपणी बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा, एवढंच माहीत होतं. एकदा तरी खऱ्या बर्फात उभं राहायचंय. हप्ता जमेल असं वाटतं, पण रात्री झोप लागत नाही. आम्ही चुकतोय का?’

ताई, जायची इच्छा अजिबात चुकीची नाही. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत कूलरसमोर बसून वाढलेल्या माणसाला बर्फाचं वेड का लागतं, ते मला नीट कळतं. चूक आहे ती क्रमात. तुम्ही जे विकत घेताय त्याचा मोठा भाग पहिल्या खेपेला तुम्हाला वापरताच येणार नाही.

वाल तोरांस २,३०० मीटरवर आहे, युरोपातलं सगळ्यात उंच स्की-गाव. ते थ्री व्हॅलीज नावाच्या प्रदेशात मोडतं. कूर्शवेल, मेरिबेल आणि वाल तोरांसकडची अशा दऱ्या दोरावरून वर नेणाऱ्या लिफ्टांनी एकमेकींना जोडलेल्या आहेत आणि मिळून जवळपास ६०० किलोमीटरचे उतार होतात. तुमच्या कोटेशनमध्ये चौघांचा सहा दिवसांचा या सगळ्या प्रदेशाचा लिफ्ट पास धरला आहे. आता विचार करा, तुमच्यापैकी कोणीही अजून स्की पायात घातलेली नाही. पहिले तीन-चार दिवस तुम्ही गावालगतच्या शिकाऊ उतारावर असणार. तिकडे उतारांना रंग असतात: हिरवा सगळ्यात सोपा, मग निळा, लाल आणि काळा. आठवडाभर नेटाने शिकलात तर शेवटी निळ्यावर याल. म्हणजे सहाशे किलोमीटरचे पैसे भरून वापरणार त्यातले मोजके. बऱ्याच मोठ्या रिसॉर्टांत नवशिक्यांसाठी मोजक्या लिफ्टांचा स्वस्त पास मिळतो. तो कोटेशनमध्ये का नाही, हे एजंटला जरूर विचारा.

काही वर्षांपूर्वी मी माझ्या लेकीला घेऊन गुलमर्गला गेलो होतो. स्कीचा बूट म्हणजे कडक प्लॅस्टिकचा साचा. तो नडगीवर असा आवळून बसतो की सरळ उभंच राहता येत नाही, गुडघे वाकवूनच चालावं लागतं. पहिला पाऊण तास बूट चढवण्यात आणि बकल्स लावण्यात गेला. मग स्कीची टोकं आत, टाचा बाहेर, असं करून थांबायला शिकायचं. दुपारपर्यंत मी शंभर-दीडशे पावलांच्या त्या उतारावर किती वेळा पडलो ते मोजलं नाही. लेक दुसऱ्या दिवशी हसत खाली येऊ लागली. माझ्यासोबत आलेले एक स्नेही मात्र त्या दिवशी दुपारीच बूट काढून बसले आणि पुढचे तीन दिवस बाल्कनीतून डोंगर बघत राहिले. त्यांना ते मनापासून आवडलंच नाही, आणि त्यात गैर काही नाही. घरात कोणाला काय आवडेल हे साडेअकरा लाख भरण्याआधी कळलेलं बरं.

आता पैशांकडे येतो. पाच लाख, १४ टक्के, ३६ महिने म्हणजे हप्ता १७,०८८ रुपये, आणि व्याज १ लाख १५ हजारांच्या आसपास. घर आणि गाडी मिळून तुमचे ४९ हजार आधीच जातात. त्यात हे मिळवले तर पगाराचे जवळपास साडेबेचाळीस टक्के हप्त्यांत. मला त्याहून जास्त भीती वाटते ती उरलेल्या पैशांची. परत आल्यावर तुमच्याकडे बचत खात्यातले दीड लाख उरतील आणि नव्या हप्त्यासकट महिन्याचा न चुकणारा खर्च असेल १ लाख ३६ हजार. म्हणजे आधार जेमतेम एका महिन्याचा. आयटीतली नोकरी आणि घरचा क्लास, दोन्हीचं उत्पन्न कधीही थबकू शकतं.

आणि ताई, तुमच्या बाबतीत एक गोष्ट कोटेशनमध्ये कुठेच दिसत नाही. स्कीइंगमधली नेहमीची दुखापत गुडघ्याची, आणि तुमचं उत्पन्न गुडघ्यांवर उभं आहे. लिगामेंट फाटलं तर सहा ते नऊ महिने तत्कार, म्हणजे कथकचं पायांचं काम, विसरा. ४५ हजारांच्या हिशेबाने ते पावणेतीन ते चार लाख होतात. ते कोणती पॉलिसी देणार? शेंगेन व्हिसासाठी निदान ३० हजार युरोचा वैद्यकीय प्रवास विमा लागतोच, पण साध्या प्रवास विम्यात बर्फातले खेळ बहुधा वगळलेले असतात. त्यासाठी वेगळी भर घालावी लागते. फ्रान्समध्ये उतारावरून स्लेजने खाली आणण्याचेसुद्धा पैसे लागतात, म्हणून तिथे लिफ्ट पाससोबत ‘कारे नेज’ नावाचा दिवसाचा विमा विकतात. तो घ्यायचाच. शिवाय इथे भारतात वैयक्तिक अपघात विमा घ्या, ज्यात काम बंद पडल्यास दर आठवड्याला रक्कम मिळते. त्यात स्कीइंग वगळलेलं नाही ना, हे कंपनीकडून लेखी मागा. तुमच्या पत्रात आरोग्य विमा फक्त यजमानांच्या कंपनीचा दिसतो. कुठल्याही सहलीआधी चौघांचा मिळून स्वतःचा आरोग्य विमा (फ्लोटर) घ्या, ही माझी विनंती आहे.

कोटेशन मी दोनदा वाचलं. ‘स्कीइंग समाविष्ट’ असं लिहिलंय, पण त्याचा अर्थ फक्त लिफ्ट पास. शिकवणी नाही, स्की-बूट-हेल्मेटचं भाडं नाही, कपडे नाहीत. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाला हे तिथे पोचल्यावर कळलं होतं आणि सगळं क्रेडिट कार्डावर गेलं. ढोबळ धरा: शिकवणी माणशी अडीचशे युरो, सामान माणशी सव्वाशे-दीडशे. चौघांचे दीड हजार युरो, म्हणजे दीड-पावणेदोन लाख. कपडे आणि विमा धरून दोन लाख वर. तुमची सहल साडेतेरा लाखांची आहे. पॅकेजवर एजंट सरकारसाठी टीसीएस नावाचा आगाऊ कर घेईल, तो वेगळा. तो दर अलीकडे अर्थसंकल्पात बदलत आलाय, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा विचारून घ्या. हा कर बुडत नाही. आयकर खात्याकडच्या तुमच्या नोंदीत दिसतो, रिटर्न भरताना परत मिळतो, आणि ऑक्टोबर २०२४ पासून पगारदारांना तो मालकाला कळवून टीडीएसमध्ये वळता करून घेता येतो. पण तोवर तेवढी रक्कम अडकून राहते.

मग करायचं काय? माझ्या मते चाळिसावा वाढदिवस गुलमर्गच्या बर्फात करा. फक्त डिसेंबरात नाही, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत. काश्मिरातले कडाक्याचे चाळीस दिवस, चिल्लई कलान, २१ डिसेंबरला सुरू होतात आणि शिकण्याजोगा बर्फ बहुधा त्यानंतरच साचतो. तोही हमखास नाही. २०२४ चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला, बर्फ महिनाअखेरीस आला. २०२५ मध्ये बर्फ नव्हता म्हणून खेलो इंडियाच्या गुलमर्गमधल्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चवर गेल्या. म्हणून हॉटेल असं घ्या की आठवडाभर आधी रद्द केलं तरी पैसे परत मिळतील. पहलगामच्या घटनेनंतर घरच्या मोठ्यांच्या मनात धास्ती असेल, तर त्यांच्याशी बोलून मगच ठरवा. परत मिळणारं बुकिंग तिथेही कामी येतं. लेक आठवीत आहे, आठवडाभर शाळा बुडाली तर चालेल.

गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. शिकाऊ उतार गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, पायथ्याशी, गावातच. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग शिकवणारी संस्थाही तिथेच आहे, हिवाळ्यात तिचे वर्ग चालतात. चौकशी लवकर करा. गोंडोलाचं तिकीट ऑनलाइन आधी काढून ठेवा. वरचा टप्पा अफरवाटचा, जवळपास ३,९८० मीटरवर. तिथे फक्त बघायला जा. तिथून स्कीने उतरणं नवशिक्यांचं काम नाही, तिथे हिमस्खलन होतं. पाच रात्री, इन्स्ट्रक्टर, सामान, दिल्लीमार्गे विमान धरून चौघांचे सव्वादोन लाखांच्या आसपास होतील. वेळ असेल तर नागपूरहून हिमसागर एक्सप्रेसने कटरा आणि पुढे जून २०२५ मध्ये सुरू झालेल्या वंदे भारतने श्रीनगर, असंही जाता येतं. मुलांना तो प्रवास जन्मभर आठवेल. हे पैसे बचत खात्यातून द्या. तरी पावणेसहा लाख शिल्लक राहतात, म्हणजे पाच महिन्यांचा आधार. मला तेवढा चालेल.

आणि वाल तोरांस? ते सोडू नका, पुढे ढकला. लेकीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपेल आणि निकालापर्यंत ती मोकळी असेल. एप्रिलच्या शेवटी धाकट्याचीही परीक्षा उरकते, आणि आपल्या विदर्भातल्या शाळा तर जूनच्या अखेरीस उघडतात. बाकी आल्प्समधली बरीच गावं तोवर बंद होतात, पण वाल तोरांस उंचीमुळे मेच्या सुरुवातीपर्यंत चालू असतं. नाताळ हा तिथल्या महागड्या आठवड्यांपैकी एक, एप्रिलअखेर बराच स्वस्त. बर्फ सकाळी घट्ट आणि दुपारी भुसभुशीत असतो, म्हणून लवकर उठून एकपर्यंत स्की करायची. तिथे आठवड्याच्या भाड्याने स्वयंपाकघरासह छोटे फ्लॅट मिळतात, बहुधा शनिवार ते शनिवार. तांदूळ, डाळ, पोहे सोबत न्या. रिसॉर्टातलं चौघांचं बाहेरचं जेवण खिसा रिकामा करतं.

पैसे असे जमतील. जो १७ हजारांचा हप्ता ‘जमेल’ असं तुम्ही लिहिलंत, तोच या महिन्यापासून स्वतःच्या आरडीत भरा. साडेसहा टक्के धरले तर ३१ महिन्यांत ५ लाख ७० हजार होतात. गाडीचं कर्ज फिटल्यावर ते ११ हजारही तिकडेच वळवा, १७ महिन्यांत जवळपास दोन लाख. मधले दोन बोनस, तीन लाख. झाले पावणेअकरा लाख, व्याजावरचा कर वजा जाता थोडे कमी. एप्रिलचा दर आणि छोटा पास घेतलात तर शिकवणी-सामानासकट एवढ्यात बसावं. रुपया युरोपुढे घसरत आलाय, म्हणून दहा टक्के वर धरून ठेवा. कमी पडले तर एक दिवस कमी करा, पण कर्ज नको. आणि हे पैसे शेअर बाजारात घालू नका. अडीच वर्षं त्यासाठी फार कमी आहेत, नेमक्या त्या एप्रिलला बाजार पडला तर लेकीला काय सांगाल? एसआयपी मात्र आहे तशीच चालू द्या, ती मुलांच्या शिक्षणाची आहे.

तुमच्या यजमानांना हे पत्र वाचायला द्या. गुलमर्गहून आल्यावर घरातल्या चौघांपैकी दोघांना जरी स्कीइंग नकोसं वाटलं, तर आरडी मोडू नका, ठिकाण बदला. लेकीला विचारा, तिला कदाचित बर्फ नव्हे, समुद्र हवा असेल.

गुलमर्गला जाताना प्रत्येकाला हातमोज्यांचे दोन जोड घ्या, आतून लोकरी आणि बाहेरून पाणी न शिरणारे. माझ्या लेकीचे भाड्याचे मोजे पहिल्याच तासात भिजले होते. बोटं लाल झाली, ती रडायला लागली, आणि जवळच्या दुकानदाराने सांगितली ती किंमत देऊन मी नवे घेतले.