टीएमटी निगेटिव्ह आली म्हणून गोळी बंद करू नका

बाबांचं वय 54, टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) निगेटिव्ह, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल 162, आणि 'हृदय ठणठणीत आहे, मग कोलेस्टेरॉलची गोळी कशाला' हे त्यांचं म्हणणं. तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. आमच्या दादाचं अगदी हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही. कुठली गोळी, किती डोस, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. तेल, सिगारेट, चालणं वगैरे सगळ्यांना पाठ असतं, ते सोडून देतो.

बहुतेकांच्या डोक्यात नळात गाळ साचल्याचं चित्र असतं. गाळ वाढतो, पाणी कमी येतं, एक दिवस नळ बंद. या चित्रानेच घात होतो. हा रोग वाढतो तो धमनीच्या भिंतीत. एलडीएलचे कण आतल्या अस्तरातून भिंतीत शिरतात आणि अडकून बसतात, विशेषतः जिथे धमनीला फाटे फुटतात आणि प्रवाह अडखळतो तिथे. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, चरबीने फुगतात आणि तिथेच मरतात. त्या मऊ लगद्यावर शरीर तंतूंचं झाकण बांधतं. या सगळ्या थराला प्लाक म्हणतात. हे वर्षानुवर्षं चालतं, कळत काहीच नाही. कोरियन युद्धात मेलेल्या 300 अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल 1953 मध्ये आला. सरासरी वय 22, आणि तीनचतुर्थांशांहून जास्त जणांच्या हृदयाच्या धमन्यांत या रोगाच्या खुणा सापडल्या.

आता खरी मेख. भिंत जाड होऊ लागली की धमनी बाहेरच्या बाजूने फुगून जागा करून देते. ग्लागोव्ह नावाच्या अमेरिकन संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये दाखवलं की साधारण 40 टक्के जागा प्लाकने व्यापेपर्यंत रक्ताची वाट अरुंद होतच नाही. टीएमटीत फक्त एवढंच कळतं की दमल्यावर हृदयाला रक्त कमी पडतंय का. अडथळा मोठा असल्याशिवाय बहुधा त्यात काही दिसत नाही. अटॅक मात्र पुष्कळदा पातळ झाकणाच्या, मध्यम आकाराच्या प्लाकमुळे येतो. झाकण फाटतं, लगद्याला रक्त लागतं आणि बघता बघता गुठळी धरते.

दादाच्या ऑफिसने ज्या तपासणी केंद्राशी करार केला होता, त्यांच्या रिपोर्टच्या पहिल्याच पानावर हिरव्या ठळक अक्षरांत 'फिट' छापलं होतं. एलडीएल कुठेतरी आतल्या पानावर, शेजारी वर जाणारा छोटासा बाण. खाली डॉक्टरांची सही, पण दादाशी एकही डॉक्टर बोलला नाही. काउंटरवरून फाइल मिळाली, 'सगळं नॉर्मल आहे सर', झालं. आमचे फॅमिली डॉक्टर गोळी घ्या म्हणून मागे लागले होते. दादाने त्यांना ते हिरवं पान दाखवलं आणि गोळी थांबवली. त्याच पावसाळ्यात अटॅक आला. स्टेंट टाकला, जीव वाचला, पण हृदयाचं पंपिंग कायमचं कमी झालं. गोळी चालू असती तर टळलंच असतं असा दावा मी करणार नाही. पण स्टॅटिनने, म्हणजे याच कोलेस्टेरॉलच्या गोळीने, एलडीएल उतरतं आणि झाकणही घट्ट व्हायला मदत होते, ती संधी गेली. केंद्राकडे तक्रार केली, तर उत्तर आलं की 'आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा' असं शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेलं आहे! अजून संताप होतो. पेशंटशी दहा मिनिटं बोलायला ज्यांच्याकडे माणूस नाही, त्यांना 'फिट' छापायचा काय अधिकार?

माझं मत विचाराल तर पुढच्या तपासणी पॅकेजचे पैसे वाचवा आणि चांगल्या फिजिशियनकडे जाऊन बसा. जाताना पूर्ण रिपोर्ट न्या, पहिलं पान नव्हे. लायपोप्रोटीन लिटल ए (एलडीएलसारखाच रक्तातला एक कण) ही रक्ततपासणी झाली नसेल तर विचारा. त्याची पातळी आनुवंशिक असते, आणि तपासणी आयुष्यात एकदा तरी करावी असं भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांचा सीटी स्कॅन) कोणी सुचवला तर जरूर विचार करा, पण त्यात कॅल्शियम धरलेलं प्लाकच दिसतं, मऊ नाही. आणि 54 म्हणजे लहान वय समजू नका. 2004 च्या इंटरहार्ट या अनेक देशांतल्या अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला अटॅक बाकीच्यांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी आलेला दिसला.

गोळीने अंग दुखतं अशी बाबांची तक्रार असेल तर ती डॉक्टरांना सांगा, बदलून देतात. आणि छातीवर दाब, घाम, जबडा किंवा हात भरून येणं असं कधी झालं, तर टीएमटी निगेटिव्ह होती म्हणून अॅसिडिटी समजून सोडा पीत बसू नका, थेट 108 लावा.