कार्बन सायकलच्या फ्रेमवरचे टवके आणि ओरखडे घरी दुरुस्त करता येतात का?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात गायमुखजवळ खडी उडून डाउन ट्यूबवर (हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या नळीवर) रंगाचे टवके निघाले, सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरचं हँडल आदळून टॉप ट्यूबवर (हँडल ते सीट जाणाऱ्या वरच्या नळीवर) लांब ओरखडा पडला, आणि नाक्यावरचा डेंटिंग-पेंटिंगवाला अख्खी फ्रेम रंगवून द्यायला तयार आहे. त्याला देऊ का, असं विचारलंय.

नका देऊ. माणूस कामाचा असेल, पण त्याचा हात पत्र्यावर बसलेला. जुना रंग तो रिमूव्हरने काढणार. कार्बन फ्रेम म्हणजे कार्बनचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं इपॉक्सी, आणि रिमूव्हर रंगाबरोबर इपॉक्सीही खातो. मशीनवर पॉलिश पेपर फिरवला तर प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) कधी संपला आणि धागे कधी कापले गेले, कळत नाही. वरून लांबी (पुट्टी) भरली की खाली तडा असला तरी गुडूप. गाडीला चालणारी हीटरची भट्टी तर फ्रेमला दाखवूच नका.

खरं सांगायचं तर मला तुमच्या टवक्यांची फारशी काळजी वाटत नाही, स्कूटरच्या त्या ओरखड्याची वाटते. खडीने बहुतेक वेळा नुसता रंग जातो, आणि रंगावर फ्रेमचा भार नसतो. पण टॉप ट्यूबची भिंत पातळ असते आणि आडवा मार तिला सोसत नाही. म्हणून रंगाच्या आधी तपासणी.

फ्रेम साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा. खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च ट्यूबला जवळजवळ टेकवून आडवा धरा. समोरून उजेड पाडलात तर काही दिसणार नाही, तिरका पाडलात तर केसासारखी रेघही सावली टाकते. ओरखडा एका रेषेत जाऊन संपतो. तडा मात्र वाकडातिकडा पळतो, फाटे फोडतो, कधी ट्यूबला वळसा घालतो. मग एक रुपयाचं नाणं घेऊन ओरखड्यावर आणि आजूबाजूला हलकेच टकटक करा. आवाज सगळीकडे खणखणीत हवा. मध्येच बद्द, मेल्यासारखा आला तर आतले थर सुटलेले असू शकतात. फक्त तुलना करताना ट्यूबची दुसरी बाजू घ्या, कारण हेड ट्यूब (हँडलखालची आखूड नळी) आणि बॉटम ब्रॅकेटकडे (पेडलचा दांडा बसतो तिथे) कार्बन जाड असल्याने आवाज तसाही बदलतो. शेवटी कापसाचा बोळा फिरवा. त्याचे तंतू अडकले तर धागे उसवलेत. अंगठ्याने दाबून ती जागा आत जाते का, तेही बघा. यातलं काहीही आढळलं तर सायकल चालवणं बंद, आणि कार्बन दुरुस्त करणाऱ्याकडेच न्या.

टवक्यात राखाडी किंवा पांढरं दिसत असेल तर तो प्रायमर. काळं आणि गुळगुळीत दिसत असेल तर कार्बन उघडा पडलाय, पण घाबरू नका, त्याला गंज चढत नाही. उन्हाने वरचं इपॉक्सी हळूहळू खराब होतं, म्हणून जागा झाकायची, एवढंच. अपवाद बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूभोवतीचा. तिथे रंग फुगून फोड आला असेल तर तो खडीचा टवका नव्हे. कार्बनला टेकलेलं ॲल्युमिनियम घामाच्या मिठाने सडतं आणि रंगाला वर ढकलतं. त्यावर रंगाचा ठिपका देऊन काही उपयोग नाही.

आता रंग. काही सायकल कंपन्या टच-अपची बाटली देतात, आधी डीलरला विचारा. नाहीतर गाड्यांचे टच-अप पेन चालतात, आणि छोट्या टवक्याला नेलपॉलिशही झकास. फ्रेम घेऊन थेट कॉस्मेटिक्सच्या दुकानात जा, शंभर छटा तिथेच लावून बघता येतात. दुकानदार चमत्कारिक नजरेने बघेल, बघू दे.

टवक्याची सुटलेली कड टोकदार टूथपिकने काढून टाका. आतली जागा मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर नको. बाटलीतला ब्रश या कामाला फार जाडा, टूथपिकच्या टोकावर थेंब घ्या आणि टवक्याच्या मध्यावर टेकवा. तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. एकदम खड्डा भरायला जाऊ नका. पातळ हात द्या, नीट वाळू द्या, मग दुसरा. रंग आजूबाजूच्या पातळीच्या किंचित खाली राहिला की वरून क्लिअर कोटचा (पारदर्शक वॉर्निशचा) थेंब.

पावसाळ्यात हे करू नका. खाडीकाठची आपली हवा इतकी दमट असते की वाळता वाळता रंगावर पांढुरकी झाक येते. थांबवत नसेलच तर एसी लावलेल्या खोलीत करा.

क्लिअर कोट दोन-तीन दिवसांनी कडक झाला की २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून फक्त उंचवट्यावर फिरवा, भोवती मास्किंग टेप लावून. मग थोडं रबिंग कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणणारी पेस्ट. तुमचा टॉप ट्यूबचा ओरखडा नखाला लागत नसेल तर त्याला नुसतं कंपाउंडच पुरे. मात्र फ्रेम मॅट (बिनचकाकीची) असेल तर पेपर आणि कंपाउंड दोन्ही विसरा. घासाल तिथे चकाकणारा डाग पडतो आणि तो परत मॅट होत नाही. मॅट फ्रेमवर ठिपका द्या, दिसतो तेवढा दिसू द्या.

काम झाल्यावर डाउन ट्यूबच्या खालच्या बाजूला आणि केबल घासते तिथे गाड्यांची पारदर्शक पीपीएफ फिल्म (रंग वाचवणारी चिकट फिल्म) लावा. कार डिटेलिंगच्या दुकानात तिचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. रंग पूर्ण वाळल्याशिवाय मात्र चिकटवू नका, नाहीतर काढताना ठिपक्यासकट निघेल.