केळ्याचा केक, कॉफी लिकर आणि तुमचे प्रश्न

मागच्या वेळी कॉफी लिकर (कॉफीच्या चवीची गोड दारू) घातलेल्या केळ्याच्या केकची कृती दिली होती: दीड कप मैदा, तीन केळी, अर्धा कप साखर, 100 ग्रॅम लोणी, दोन अंडी, पाऊण चमचा खायचा सोडा आणि चार टेबलस्पून लिकर. त्यावर आलेले काही प्रश्न.

सत्यनारायणाच्या पूजेची केळी उरली होती. त्यांचा केक वरून छान फुगला, पण मध्ये गच्च चिकट. कुठे चुकलं? (मिरज)

केळी मोजलीत, तोलली नाहीत. मंडईतली तीन मोठी केळी आणि तीन देशी केळी यांत दुपटीचा फरक पडू शकतो. सोललेला गर 300 ग्रॅम घ्या, जास्त नको. दुसरं म्हणजे मैदा पडल्यावर फेटणं बंद. क्लासमध्ये एकीचा हात थांबेना, मिश्रण चिकासारखं ताणायला लागलं. तो केक मग वडीसारखा कापून खाल्ला. मैद्याचे पांढरे पट्टे दिसेनासे झाले की चमचा खाली ठेवा. 170 अंशांवर 45 ते 50 मिनिटं लागतात. विणायची सुई बरोबर मध्यभागी खुपसून बघा, कडेला नव्हे.

साल काळी पडेपर्यंत मात्र थांबा. पिकताना केळ्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून तर केकात साखर कमी पुरते. (पूजेच्या केळ्यांत लिकर चालतं का, हेही विचारलंय. प्रसादाची केळी बाजूला काढा, असा आमच्या सासूबाईंचा निकाल आहे. तो मी मोडत नाही.)

भट्टीत दारू उडून जाते ना? मुलांना द्यायचा आहे. (विश्रामबाग, सांगली)

सगळी उडत नाही. हे मीही वर्षानुवर्षं बिनधास्त सांगत आले, चुकीचं होतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे मिश्रणात घातलेल्या अल्कोहोलपैकी अर्धा तास भाजल्यावर सुमारे 35 टक्के, तासाभराने 25 टक्के उरतं. आता हिशेब करा: चार टेबलस्पून म्हणजे 60 मिली, लिकर 20 टक्क्यांचं, म्हणजे अल्कोहोल 12 मिली. भाजून उरलं साधारण चार. दहा तुकडे केले तर एकात अर्ध्या मिलीहून कमी. पण केक गरम असताना वरून लिकर शिंपडलंत, तर ते बरंचसं तसंच राहतं. केकची चव त्यामुळेच वाढते, आणि मुलांसाठी नको तेही त्यामुळेच.

माझा सल्ला सरळ आहे: मुलांसाठी, गरोदर बाईसाठी किंवा ज्यांना अजिबात चालत नाही त्यांच्यासाठी लिकरचा नादच सोडा. आणि कोणालाही देताना आधी सांगा. न सांगता खाऊ घालणं मला पटत नाही.

कालुआ आमच्याकडे मिळत नाही, महागही आहे. पर्याय? (विटा)

कालुआ हे कॉफी लिकर मूळ मेक्सिकोचं, 1936 पासूनचं. रम, साखर आणि कॉफी एवढंच तर आहे त्यात. एक टेबलस्पून इन्स्टंट कॉफी, दोन टेबलस्पून साखर, चार टेबलस्पून उकळतं पाणी. हवी असेल तर टेबलस्पूनभर रम. मुलांच्या केकसाठी रम वगळा. फिल्टरची पूड घालू नका, ती विरघळत नाही, दाताखाली कचकचते. कॉफी हलकासा कडवटपणा देते म्हणून केळ्याचा गोडवा अंगावर येत नाही, हेच खरं तिचं काम.

तासगावचे बेदाणे घातले तर? (तासगाव)

जरूर. मूठभर बेदाणे लिकरमध्ये रात्रभर भिजवा, तेच लिकर मग केकमध्ये घाला; वेगळं नको, नाहीतर मिश्रण पातळ होईल. बेदाणे निथळून चमचाभर मैद्यात घोळवा. मैद्याशिवाय घातलेत तर ते तळाशी जाऊन बसू शकतात.