मोसम छान नसतो

प्रश्न दोन आहेत. 'मान्सून' हा इंग्रजी शब्द टाळून 'मोसमी पाऊस' म्हणावं का? आणि मे महिन्यातल्या पावसाला 'अवकाळी' म्हणायचं की 'मान्सूनपूर्व'?

दुसरा आधी उरकतो. दिवसभर काहिली, चारच्या सुमाराला आभाळ काळवंडलं, सोसाट्याचा वारा, गडगडाट, जमल्यास गारा, आणि तासाभरात पुन्हा लख्ख ऊन, तर तो वळीव. इतका नेमका शब्द घरात असताना बातम्या देणारे त्याला 'अवकाळी' का म्हणतात कळत नाही. अवकाळी म्हणजे काळ नसताना आलेला, ऐन जानेवारीत द्राक्षबागांवर कोसळतो तो. वळीव त्याच्या काळातच येतो बिचारा. 'मान्सूनपूर्व' हवामान खात्याच्या तक्त्यात ठीक आहे. अंगणात पडतो तो वळीवच.

आता पहिला. 'इंग्रजी शब्द टाळून' यातच घोटाळा आहे. मान्सून आणि मोसम हा एकच शब्द आहे, दोन वाटांनी घरात शिरलेला. मूळ अरबी 'मौसिम'. तो फारसीतून आपल्याकडे आला तेव्हा मोसम झाला. तोच अरबी समुद्रावर पोर्तुगिजांच्या हाती लागला, त्याचा 'मोन्साँव' झाला, पुढे डच आणि इंग्रज खलाशांच्या तोंडी घोळला आणि 'मान्सून' होऊन परत आला. त्यामुळे मान्सून परका आणि मोसमी अस्सल मराठी असं सांगणाऱ्या भाषाशुद्धीवाल्यांनी जरा दमानं घ्यावं. एका अरबाला हाकलून त्याच्याच सख्ख्या भावाला पाटावर बसवताय तुम्ही.

पण खरी गंमत मौसिमच्याही मागे आहे. त्याचा धातू व-स-म, अर्थ डाग देणं, खूण करणं. 'वस्म' म्हणजे उंटाच्या कातडीवर तापल्या लोखंडानं उठवलेली मालकाची खूण. त्यावरून मौसिम म्हणजे खूण करून ठेवलेली वेळ: हजची, जत्रेची, बाजाराची. याच धातूतून 'विसाम' म्हणजे पदक. वसीम हे नावही इथलंच. वसीम म्हणजे देखणा, ज्याच्यावर सौंदर्याची खूण उमटली आहे असा. आणि माझा सगळ्यात लाडका शब्द 'वस्मी'. कडक उन्हाळ्यानंतर अरबस्तानात पडणारा पहिला पाऊस तो वस्मी. का? तर तो जमिनीवर हिरवळीची खूण उठवतो म्हणून! म्हणजे मौसिम भारतात येऊन पावसाचा झाला त्याच्या कितीतरी आधी त्याच्या घराण्यात एक पाऊस होताच. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कोश मिटून थोडा वेळ नुसता बसून होतो.

मात्र खलाशांचा मौसिम म्हणजे पाऊसही नव्हे आणि वाराही नव्हे. पंधराव्या शतकातला अरब नाखवा इब्न माजिद मौसिम देतो तो बंदर सोडायच्या तारखांचा. अमुक बंदरातून तमुक बंदराला निघायचं तर अमक्या दिवसांत. जून ते सप्टेंबर वारा नैऋत्येकडून, हिवाळ्यात उलटा ईशान्येकडून. हे गणित चुकलं की संपलं. ते कसं संपतं याचा दाखला वास्को द गामानं घालून दिला. 1498च्या एप्रिलअखेर पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदी बंदरातून निघाला तो वाटाड्या आणि वारा दोन्ही बरोबर घेऊन, 23-24 दिवसांत कालिकतच्या किनाऱ्यावर. परतताना कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघाला, ईशान्येचा वारा नीट धरण्याआधीच. आफ्रिकेचा किनारा दिसायला जवळजवळ तीन महिने लागले आणि तीसेक माणसं हिरड्या सुजून वाटेतच मेली. माझं तर ठाम मत आहे की मौसिम हा शब्द पोर्तुगीज तिथे शिकले. शिकवणी महाग पडली, म्हणून पुढे विसरले नाहीत.

किती विसरले नाहीत ते पाहा. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये साओ पावलोकडून कुयाबाच्या सोन्याच्या खाणींकडे नदीमार्गे होड्यांचे तांडे जात. त्या तांड्यांना नाव काय, तर 'मोन्सोंइश', मोन्साँवचं अनेकवचन. ना आपला पाऊस, ना आपला वारा. नुसतं 'ठरल्या वेळी निघणं' तेवढं उरलं. मोसम म्हणजे ऋतू असा एका शब्दात निकाल लावणाऱ्या कोशकारांनी या होड्यांचं काय करायचं ते सांगावं.

ऋतू आणि मोसम एक नाहीत, आणि हे मराठीला पक्कं ठाऊक आहे. आपण आंब्याचा मोसम म्हणतो, लग्नाचा मोसम म्हणतो; 'हिवाळ्याचा मोसम' कानाला खटकतं. मोसम कशाचा तरी असावा लागतो. अरबीतली ती जत्रा आणि तो बाजार मराठीनं जपून ठेवलाय. हिंदीतही आमों का मौसम असतो, पण तिकडे मौसम म्हणजे हवामानही. ठीक, त्यांचा शब्द, त्यांची मर्जी. पण हल्ली मराठी मुलंही गच्चीवर उभी राहून 'आज काय मोसम आहे!' म्हणतात. कशाचा, असं मी विचारतो. उत्तर येत नाही.

जाता जाता भूगोलाच्या पुस्तकांचाही हिशेब करतो. 'ट्रेड विंड्स'चं भाषांतर आपण 'व्यापारी वारे' करून मोकळे झालो. त्यातल्या 'ट्रेड'चा जुना अर्थ वाट, चाकोरी. एकाच चाकोरीतून वाहणारे ते वारे. सौदा-बिदा काही नाही. आणि ज्या वाऱ्यांवर खरोखर मिरी आणि घोडे इकडून तिकडे गेले, ते आपले मोसमी वारे मात्र नुसतेच मोसमी राहिले. नव्या पुस्तकांत 'पूर्वीय वारे' दिसतं, तेवढं शहाणपण सुचलं म्हणायचं.

आपल्याकडे मौसिमचा मूळ अर्थ जसाच्या तसा पाहायचा असेल तर शब्दकोशात नको, नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर जा. खवळलेल्या दर्याला नारळ देऊन कोळी होड्या लोटतात, कारण ती निघायची खूण केलेली तिथी आहे. मौसिम तो हाच. शब्द त्यांनी कुणाकडून घेतला नाही, गोष्ट मात्र तीच.

हो, तुमचा प्रश्न. मोसमी म्हणा की मान्सून म्हणा, उंट एकच आहे. फक्त 'मान्सून धो धो कोसळला' नको. मान्सून वाहतो, परततो, रेंगाळतो. कोसळतो तो पाऊस. आणि तमिळनाडूला भिजवणारा ऑक्टोबर ते डिसेंबरचा ईशान्य मान्सूनही मान्सूनच, त्याला 'परतीचा' म्हणून वाटेला लावू नका.

मोसंबीचा मोसमाशी संबंध असल्याचं मला अजूनही कुणी ना कुणी सांगतं. नाही. ती मोझांबिकची.