फोनची सवय लावली तर डोकं चालायचं थांबेल का?

डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या घरचे फिरून फिरून एकच गोष्ट विचारतात: फोनच सगळ्याची आठवण करून द्यायला लागला, तर मेंदू आणखी आळशी नाही का होणार? औसा तालुक्यातल्या एका ताईंची काळजीही हीच होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्यांचे मालक चाळिशीतले. थोडी शेती, गावात किराणा दुकान. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मोटारसायकलवरून पडले, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ऑपरेशन सोलापूरला झालं. माझ्याकडे आले तेव्हा चालणं-बोलणं नीट, जुने सोयरे-धायरे सगळे ओळखीचे. पण गिऱ्हाइकाला उधारीवर साखर दिली की वहीत लिहायचं राहून जायचं. विहिरीवरची मोटार चालू करून घरी यायचे आणि रान तुंबेपर्यंत पाणी चालू. फिट येऊ नये म्हणून दिलेली गोळी घेतली की नाही, यावरून रोज वाद. माणूस दिसायला धडधाकट, त्यामुळे भावकीनं ‘नाटक करायलेत’ असं ठरवूनच टाकलेलं.

पुतण्यानं फोनमध्ये मेंदूचे गेम टाकून दिले होते. "रोज खेळायलेत मॅडम, मार्क बी वाढायलेत. पण मोटार काही बंद होईना," ताई म्हणाल्या. आणि वर, "अलार्म लावला तर म्हणतेत, मशीनच्या भरवशावर राहिलो तर माझं डोकं कधी चालंल?"

गेमबद्दलचं ताईंचं निरीक्षण अचूक होतं. चित्रांच्या जोड्या लावायचा सराव केला की जोड्या लावणं सुधारतं. उधारी लिहिणं त्यातून आपोआप सुधारत नाही. ‘लुमोसिटी’ हा असाच गाजलेला गेम. डोक्याच्या दुखापतीनंतरचे त्रासही त्यानं कमी होतात, अशी जाहिरात कंपनीनं केली होती. पुराव्याशिवाय असे दावे केल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगानं तिच्यावर कारवाई केली आणि २०१६ मध्ये कंपनीनं २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. लक्ष टिकवण्यासाठी संगणकावरचे काही व्यायाम मीही देते, पण शेजारी बसून आणि घरातल्या कामाशी जोडून.

तपासणीत एक गोष्ट स्पष्ट झाली. "मोटार कधी बंद करायची?" असं विचारलं की उत्तर बिनचूक यायचं. फक्त त्या वेळेला, कुणी न विचारता, ते आठवायचं नाही. कपाळामागच्या भागाला मार बसला की असं होऊ शकतं. घरच्यांना मात्र वाटतं, माहीत आहे तरी करत नाही, म्हणजे आळसच.

आता आळशीपणाची भीती. एका अमेरिकन इंजिनिअरच्या मुलाच्या डोक्याला दुखापत झाली होती. त्या इंजिनिअरनं एका मेंदूमानसतज्ज्ञाच्या मदतीनं पेजरवर (खिशात मावणारं, छोटे निरोप दाखवणारं यंत्र) ठरल्या वेळी कामाची आठवण पाठवणारी ‘न्यूरोपेज’ ही सोय तयार केली. इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन आणि सहकाऱ्यांनी ती १४३ जणांवर तपासली आणि २००१ मध्ये निष्कर्ष छापले. ८० टक्क्यांहून अधिक लोकांची रोजची कामं पेजरमुळे जास्त नीट पार पडली. पेजर काढून घेतल्यावर कामं थोडी मागे पडली, तरी पूर्वीपेक्षा बरीच राहिली. डोकं बंद पडल्याचं काही तिथं दिसलं नाही.

ताईंनी दिवसभराचे इतके अलार्म लावले होते की मालक वाजला की कापायचे. सगळ्यांची धून एकच. आम्ही गोळी आणि दुकानाची वही, एवढेच ठेवले आणि दोन्हींना लेकीचा आवाज: "पप्पा, गोळी घ्या, घेतल्यावरच बंद करा." मोटारीचं काम अवघड. थ्री फेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री. ठरावीक वेळेचा अलार्म काय कामाचा? मग क्रम ठरवला: आधी फोनवर टायमर, मगच स्टार्टरचं बटन. मोबाइल स्टार्टर बसवला की झालं, असं दिरांचं म्हणणं होतं. घरबसल्या बंद करायची सोय होते खरी, पण फोन लावायचा हे आठवायला नको का?

टायमर शिकवताना मी घरच्यांना एक बंदी घातली: "सांगा बरं, आता काय दाबायचं?" असं विचारायचं नाही. स्मरणशक्ती अधू असते तेव्हा अंदाजानं केलेली चूकच डोक्यात बसते. म्हणून सुरुवातीला लेक त्यांचं बोट धरून बटन दाबायची. मग नुसतं दाखवायची. मग गप्प उभी राहायची. पाहुण्यांनी "मला ओळखलं का?" अशी परीक्षा घेणंही बंद केलं. एका मावशींना राग आला, येऊ दे.

मोटार आता बहुतेक वेळा बंद होते. उधारीचं अजून अडतं, दोन गिऱ्हाइकं एकदम आली की विशेष. त्यासाठी माल देतानाच ते ताईंना व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवतात, "दोन किलो साखर, अमक्याच्या नावावर," आणि रात्री दोघं मिळून वही भरतात. गिऱ्हाइकासमोर असं बोलायची आधी लाज वाटायची. गोळीचा डोस मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करायचा नाही, हे पुन्हा बजावलं. सध्या घरात वाद आहे तो चार्जिंगचा: धाकटा फोनवर व्हिडिओ बघत बॅटरी संपवतो, म्हणून मालकांचा फोन आता पोरांच्या हातात द्यायचा नाही असं ठरलंय.