दिव्यांग भावाचा सांभाळ करणाऱ्या बहिणीला भत्ता मिळू शकतो का?

प्रश्न : माझ्या 31 वर्षांच्या भावाला सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक दिव्यांगत्व आहे, त्याच्या प्रमाणपत्रावर 90 टक्के अशी नोंद आहे. वडील राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झाले होते. ते आता हयात नाहीत आणि आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. आईचे वय 74 असल्याने भावाला उचलणे, अंघोळ घालणे तिला झेपत नाही. म्हणून मी नोकरी सोडून माहेरी राहून त्याचे सगळे करते. तहसील कार्यालयात चौकशी केली तर ‘सांभाळणाऱ्याला पैसे देण्याची योजना नाही’ असे सांगण्यात आले. हे खरे आहे का? आणि आईनंतर आमचे कसे होणार?

उत्तर : तुम्हाला मिळालेले उत्तर अपुरे आहे, आणि त्याला काही अंशी प्रश्नाची मांडणी कारणीभूत आहे. सांभाळ करणाऱ्या व्यक्तीला तिच्या श्रमांचा मोबदला म्हणून स्वतःच्या नावाने रक्कम मागता येईल, अशी तरतूद आपल्या कायद्यात नाही. मात्र दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 24(3) मध्ये शासनाच्या योजनांत कोणत्या गोष्टी असाव्यात याची जी यादी आहे, तीत अधिक साहाय्याची गरज असलेल्या दिव्यांग व्यक्तींना काळजीवाहक भत्ता देण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. याच अधिनियमातील काळजीवाहकाच्या व्याख्येत आईवडील आणि कुटुंबातील इतर व्यक्तीही येतात, मग त्या वेतन घेऊन काळजी घेत असोत किंवा वेतनाशिवाय. म्हणजे कायदा तुमचे काम ओळखतो, पण भत्त्याचा हक्कदार तुमचा भाऊ आहे. यापुढचा प्रत्येक अर्ज त्याच्या नावाने आणि त्याच्या गरजेच्या आधारे करा. तुम्ही त्याच्या वतीने सही करणार आहात, एवढीच तुमची त्यातील भूमिका.

हे कलम वाचून ठरावीक रक्कम ताबडतोब मिळेल, अशी समजूत मात्र करून घेऊ नका. योजना आखण्याचे कर्तव्य शासनावर टाकताना कायद्याने ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी अट घातलेली आहे आणि भत्त्याचा आकडा कोठेही दिलेला नाही. केरळ राज्याने ‘आश्वासकिरणम्’ या योजनेतून घरी काळजी घेणाऱ्यांना दरमहा 600 रुपये देण्याचा मार्ग काढला. रक्कम तुटपुंजी आहे, पण तत्त्व मान्य झाले, हे मला महत्त्वाचे वाटते.

तुमच्यासाठी पहिले पाऊल कलम 38 खालच्या अर्जाचे आहे. किमान 40 टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेली कोणतीही व्यक्ती, किंवा तिच्या वतीने दुसरे कोणीही, अधिक साहाय्याच्या गरजेचे मूल्यमापन करून मिळावे म्हणून शासनाने अधिसूचित केलेल्या प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते. हा अर्ज जिल्ह्याच्या दिव्यांग कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. अर्जात ‘भाऊ पूर्णपणे परावलंबी आहे’ एवढेच लिहून भागत नाही. रात्री त्याची कूस किती वेळा बदलावी लागते, घास भरवताना किती वेळ लागतो, औषधे कोण देते, शौचाला नेण्यासाठी किती माणसे लागतात, हे सविस्तर लिहा, कारण मूल्यमापन टक्क्यांचे नसून दैनंदिन गरजेचे असते. अर्जाची दुसरी प्रत सोबत नेऊन तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी नकार मिळाला तर त्याविरुद्ध दाद मागायला हातात काहीच उरत नाही. अहवाल अनुकूल आला तरी साहाय्य प्रचलित योजनांच्या अधीन राहूनच मिळते. तरीही पुढे भत्ता मागताना त्या अहवालाइतका भक्कम कागद दुसरा नसेल.

त्याच वेळी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन या. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील 5 टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवायचा असतो आणि काही महानगरपालिका त्यातून बौद्धिक दिव्यांग व्यक्तींचा सांभाळ करणाऱ्या पालकांनाही अर्थसाहाय्य देतात. तुमच्या संस्थेने या निधीचा विनियोग कसा केला, हे माहितीच्या अधिकारात विचारण्यास काहीच हरकत नाही.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान 2025 मध्ये दरमहा 2,500 रुपये करण्यात आले आहे. परंतु त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत असावे लागते. आईचे निवृत्तिवेतन धरता तुमचा अर्ज बहुधा तेथेच अडेल. आयकराच्या वजावटीचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईलच, पण करपात्र उत्पन्नच नसेल तर तिचा उपयोग शून्य.

आता आईनंतरचा प्रश्न, जो माझ्या मते भत्त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 नुसार, दिव्यांगत्वामुळे स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या अपत्याला आईवडिलांनंतर कुटुंब निवृत्तिवेतन आजीवन मिळू शकते. ते आपोआप सुरू होत नाही. वडील ज्या कार्यालयातून निवृत्त झाले तेथे भावाची नोंद त्यांनी कुटुंबाच्या तपशिलात दिव्यांग अपत्य म्हणून केली होती का, हे आधी पाहा. नसेल तर आईच्या सहीने, वैद्यकीय प्रमाणपत्रासह, त्या कार्यालयामार्फत महालेखापालांकडे आताच अर्ज पाठवा. आई हयात असताना हे जितके सोपे आहे तितके नंतर राहत नाही.

निवृत्तिवेतन मंजूर झाले तरी ते स्वीकारणार कोण, हा मुद्दा उरतोच. भाऊ सज्ञान आहे. त्याची समज कितीही मर्यादित असली तरी वयाच्या 18 वर्षांनंतर आईसुद्धा आपोआप त्याची कायदेशीर पालक राहत नाही, ही गोष्ट बँकेच्या काउंटरवर अडवणूक होईपर्यंत बहुतेक कुटुंबांच्या लक्षात येत नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खाली सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक दिव्यांगत्व या दोन्ही अवस्था येतात. त्याच्या कलम 14 नुसार आई किंवा नातेवाईक म्हणून तुम्ही जिल्ह्यातील स्थानिक स्तर समितीकडे पालक नियुक्तीचा अर्ज करू शकता. जिल्हाधिकारी या समितीवर असतात. आईनेच अर्जदार होऊन तुमचे नाव सुचवावे, म्हणजे पुढे इतर नातेवाइकांच्या हरकतीला जागा राहत नाही. समितीचे पालकत्व प्रमाणपत्र खाते उघडण्यासाठी आणि चालवण्यासाठी बँकांना ग्राह्य धरता येते, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. याच न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि त्याला वयाची अट नाही, म्हणून तोही अर्ज सोबतच करून टाका.

पालक झाल्यावर भावाच्या मालमत्तेची यादी सहा महिन्यांत आणि जमाखर्च दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत समितीला सादर करावा लागतो. म्हणून भावाचे खाते स्वतंत्र ठेवा, औषधे, डायपर, फिजिओथेरपी यांच्या पावत्या जपा आणि त्याच्या पैशातून स्वतःसाठी ‘पगार’ म्हणून रक्कम काढू नका. तशी गरज वाटली तर आधी समितीची लेखी परवानगी मागा.

कलम 38 च्या अर्जावर रास्त मुदतीत काहीच हालचाल झाली नाही, तर पोच घेतलेली प्रत जोडून पुणे येथील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. आयुक्तांनी शिफारस केल्यास संबंधित प्राधिकाऱ्याने त्यावर कार्यवाही करून तीन महिन्यांत आयुक्तांना कळवणे अधिनियमाने बंधनकारक केले आहे. शिफारस अमान्य केली तर तिची कारणे आयुक्तांना आणि तक्रारदार म्हणून तुम्हालाही कळवावी लागतात. उच्च न्यायालयाचा विचार त्यानंतर करावा.